तळपायांची आग: प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन की अमिट्रिप्टिलिन?

रात्री अंथरुणावर पडलं की तळपायांची आग सुरू होते. चादरीचा स्पर्शही नकोसा होतो, बोटांना सुया टोचतात, मध्येच करंट लागल्यासारखी चमक जाते. सकाळी उठून चालायला लागलं की पायाखाली फरशी नाही, कापूस आहे असं वाटतं. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या माणसाने हे सांगितलं, की डॉक्टर पाय तपासतात, न्यूरोपॅथी, म्हणजे नसांचा बिघाड, म्हणतात आणि चिठ्ठीवर वरच्या तीनपैकी एक नाव येतं. आमच्या मेडिकलच्या काउंटरवर अशा चिठ्ठ्या रोज येतात आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही येतो: यातलं सगळ्यात भारी औषध कुठलं?

भारी असं कुठलंच नाही, हे खरं उत्तर. ब्रिटनमधल्या 13 केंद्रांत ‘ऑप्शन-डीएम’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. 130 रुग्णांना ही तिन्ही औषधं आलटून पालटून दिली गेली, आणि एकाने पुरेसं भागलं नाही तर त्याला दुसऱ्याची जोड दिली गेली. दुखण्याला 0 ते 10 मध्ये किती गुण द्याल, असं विचारलं तेव्हा सुरुवातीची सरासरी 6.6 होती. 16 आठवड्यांनी ती 3.3 वर आली, आणि तिघांतल्या कुठल्याही औषधाने सुरुवात केली तरी जवळपास तेवढीच. म्हणजे दुखणं साधारण निम्मं होतं, पूर्ण जात नाही. हे आधीच माहीत असलं तर पंधरा दिवसांत “काही उपयोग नाही” म्हणून गोळी सोडून देण्याची पाळी येत नाही.

फायदा सारखाच असेल तर मग निवड करायची कशावरून? तुमच्या बाकीच्या शरीरावरून. हृदय, मूत्रपिंड, यकृत, प्रोस्टेट, डोळे, वजन, झोप आणि आधीच चालू असलेल्या गोळ्या, यांच्याकडे बघूनच तिघांतलं एक ठरतं.

अमिट्रिप्टिलिन तिघांत जुनं आणि स्वस्त. मूळचं नैराश्यावरचं औषध, पण नसांच्या दुखण्याला त्याचा फार छोटा डोस लागतो. सुरुवात बहुधा रात्री 10 मिलिग्रॅमने होते, मग हळूहळू वाढवतात. झोप आणतं, त्यामुळे आगीने रात्र रात्र जागणाऱ्याला दुहेरी फायदा. झोपायच्या दोनेक तास आधी घेतलं तर सकाळचा जडपणा कमी राहतो. आपल्याकडे त्याच्याऐवजी नॉरट्रिप्टिलिन पुष्कळ लिहिलं जातं. ते त्याच कुळातलं आहे आणि गुंगी थोडी कमी आणतं.

पण या कुळाच्या अडचणी वयाबरोबर वाढतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी तुंबू शकते. विशिष्ट प्रकारच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब वाढू शकतो. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर हे औषध नकोच. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जुन्या मधुमेहात रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही बिघडलेल्या असू शकतात, त्यामुळे उठून उभं राहिलं की बीपी एकदम खाली येतं. त्यात अमिट्रिप्टिलिनची भर पडली, की रात्री बाथरूमला उठलेला माणूस चक्कर येऊन पडतो. सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडणं हे तळपायांच्या आगीपेक्षा कितीतरी मोठं संकट. म्हणून घरात वयस्क माणूस असेल तर हे औषध सुरू होण्याआधी ईसीजी आणि उभं राहून मोजलेलं बीपी, या दोन्हीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रीगाबालिन आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. रात्री 75 मिलिग्रॅम, मग गरजेप्रमाणे वाढवत दिवसाला 300 पर्यंत, कधी त्याहून जास्त. हृदयाच्या ठोक्यांशी किंवा प्रोस्टेटशी त्याचं फारसं वैर नाही, इतर गोळ्यांशी भांडणंही कमी. त्रास होतो तो चक्कर, गुंगी, वजन वाढणं आणि पायांवर सूज येणं यांचा. स्कूटर चालवणाऱ्याने पहिले काही दिवस जपूनच राहावं. साखरेसाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर तेही सूज आणि वजन वाढवतं. दोन्ही एकदम चालू असताना घोट्यांवर सूज दिसली, की आधी गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी. हृदय कमजोर असेल तर ही सूज हलक्यात घेऊच नये. दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. हे औषध जवळजवळ जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतात ते सांगणारी तपासणी) वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट नसताना डोस वाढवणं मला पटत नाही. गॅबापेंटिन याच पठडीतलं आहे, पण दिवसातून तीनदा घ्यावं लागतं आणि मूत्रपिंडाचा नियम त्यालाही तसाच लागू.

ड्युलोक्सेटिन आपल्याकडे त्या मानाने कमी लिहिलं जातं, आणि माझ्या मते विनाकारण. पहिला आठवडा 30 मिलिग्रॅम जेवणानंतर, मग 60. त्यापुढे वाढवून फायदा फारसा वाढत नाही. वजन वाढवत नाही, दिवसा गुंगी सहसा कमी, आणि दुखण्याने खचलेल्या मनालाही थोडा आधार देतं. पहिल्या आठवड्यात मळमळतं आणि घाम येतो. बहुतेकांचं हे ओसरतं, पण ते आधी सांगितलेलं नसेल तर माणूस तिसऱ्या दिवशीच कॅप्सूल बंद करतो. कॅप्सूल फोडून किंवा चावून घ्यायची नसते. यकृताचा आजार असेल, दारू भरपूर असेल, मूत्रपिंड फारच कमी काम करत असतील किंवा बीपी आटोक्यात नसेल, तर ड्युलोक्सेटिन नको. रक्त पातळ ठेवणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, आणि ट्रामाडॉल या जोरकस वेदनाशामकाबरोबर तर ते घेऊच नये, डॉक्टरांनी दोन्ही माहीत असताना दिलं असेल तेवढाच अपवाद.

आता तीन-एकात गोळीबद्दल. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका काकांनी एकदा स्ट्रिप उलटी करून माझ्यापुढे धरली. चष्म्यातूनही न दिसणाऱ्या अक्षरांत तीन नावं होती: प्रीगाबालिन, नॉरट्रिप्टिलिन, मिथाइलकोबालामिन. काकांना वाटत होतं की ते एकच औषध घेतात, “नसांचं”. लघवीला जोर लावावा लागतोय ही तक्रार त्यांनी प्रोस्टेटच्या डॉक्टरांना सांगितली होती, पण या स्ट्रिपबद्दल बोलले नव्हते. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच गोळी बदलून दिली. अशा एकत्रित गोळ्या सोयीच्या असतात, पण सुरुवातीला मी सुट्या गोळ्यांच्या बाजूने आहे. सुट्या असल्या की एकाचा डोस वाढवता येतो, दुसरं बंद करता येतं आणि त्रास कशाने झाला तेही कळतं. सगळं बसल्यावर मग एका गोळीत आणायला हरकत नाही.

त्या तिसऱ्या नावाबद्दलही थोडं सांगते. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-12. साखरेसाठीचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 कमी होऊ शकतं, आणि पूर्ण शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं. या कमतरतेनेही हातापायांना मुंग्या येतात, पाय बधिर होतात. म्हणून रक्तातलं बी-12 तपासून घ्या. कमी निघालं तर इंजेक्शन किंवा गोळी खरोखर गुण देते. व्यवस्थित असेल तर त्या गुलाबी गोळीने आग शमेल असं मानायला फारसा आधार नाही. “नसांचं टॉनिक” म्हणून बी-6 भरमसाट घेणं तर उलटं पडतं, कारण जास्त बी-6 स्वतःच नसा बिघडवतं.

साध्या दुखण्यावरच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक वगैरे, या आगीवर चालत नाहीत आणि मधुमेहात मूत्रपिंडाचं नुकसान करतात. ट्रामाडॉलसारख्या ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या, औषधांबद्दल अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने 2022 च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलंय, या दुखण्याला ती वापरू नयेत. मोठ्या शहरांत मणक्याजवळ बसवून सौम्य विजेने दुखणं दाबणाऱ्या यंत्राबद्दलही कानावर येईल. त्याला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली आहे, पण खर्चिक शस्त्रक्रिया आहे आणि सगळी औषधं वाया गेल्यावरचीच गोष्ट.

ज्यांच्या गोळ्या आधीच मूठभर आहेत त्यांनी मलमाचा विचार जरूर करावा. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं 0.075 टक्क्यांचं क्रीम दिवसातून तीन-चार वेळा लावतात. हृदय, मूत्रपिंड, डोळे यांच्या वाटेला ते जात नाही. पण पहिले दोन आठवडे जळजळ वाढते, आणि तेवढ्यात पुष्कळजण सोडून देतात. भेगा किंवा जखम असेल तिथे लावायचं नाही, लावल्यावर हात साबणाने धुवायचे.

आणि काशाची वाटी. तूप लावून रात्री कुणी तळपाय घासून दिले की बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. मायेचा हात लागल्याने झोपही येते. वाटीने नसा दुरुस्त होत नाहीत, एवढं ध्यानात ठेवून खुशाल करा, फक्त हलक्या हाताने, आणि भेगा, फोड, कुरूप नसताना. गरम पाण्यात पाय बुडवणं मात्र सोडून द्या. बधिर पायाला चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतात. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवरही असंच होतं, तिथे मोजे घाला.

साखर आटोक्यात आणायला हवीच, पण सावकाश. तीन महिन्यांत एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) दोनहून अधिक अंकांनी झपकन उतरलं तर आग काही काळ उलट वाढू शकते. इन्सुलिन सुरू केल्यावर असं झालं तर इन्सुलिनला दोष देऊन ते बंद करू नका. सहसा काही महिन्यांत हे निवळतं.

दुखणं एकाच पायात असेल, चालताना पोटऱ्या भरून येऊन थांबलं की बरं वाटत असेल, किंवा पाय लाल, गरम, सुजलेला असून दुखत नसेल, तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवा.

बाकीच्यांनी पुढच्या भेटीला सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्याव्यात, सोबत क्रिएटिनिन, बी-12 आणि ईसीजी. रोज रात्री झोपण्याआधी दुखण्याचा 0 ते 10 आकडा कॅलेंडरवर लिहावा. पुरेशा डोसवर महिनाभर काढूनही आकडा एक तृतीयांशानेही उतरला नाही, तर औषध बदलायची किंवा दुसरं जोडायची वेळ आली असं समजून डॉक्टरांशी तसं बोलावं. तिघांतलं कुठलंही बंद करायचं असेल तर एकदम नाही, डोस टप्प्याटप्प्याने उतरवत.