रोम ते चिविताव्हेक्या क्रूझ पोर्ट, रीजनल ट्रेनने, आई-बाबा आणि पाच बॅगांसोबत

आधीच सांगून टाकते, ट्रेन चांगली आहे, स्वस्त आहे आणि परत कधी योग आला तरी मी ट्रेननेच जाईन, फक्त टर्मिनीवरून, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनवरून बसणार नाही. घाईत असाल तर एवढं पुरे. पण ज्यांच्यासोबत वयस्कर माणसं आणि मोठ्या बॅगा आहेत त्यांनी पुढचं वाचाच, कारण यातलं निम्मं जरी मला जायच्या आधी कुणी सांगितलं असतं तरी बाबांचा गुडघा जहाजावरचे पहिले दोन दिवस दुखला नसता.

तर आमची सात रात्रींची क्रूझ होती, बुकिंगवर बंदराचं नाव 'रोम' लिहिलेलं. जहाज रोममध्ये लागत नाही हे लक्षात ठेवा, ते लागतं चिविताव्हेक्याला, म्हणजे रोमपासून साधारण ७०-८० किलोमीटर वायव्येला. क्रूझ कंपन्या 'रोम' लिहितात आणि आपण हॉटेल घेतो रोमच्या मध्यभागी, मग जायच्या दोन आठवडे आधी नकाशा उघडला की कळतं की सामान घेऊन अजून एक अख्खा प्रवास बाकी आहे. प्रायव्हेट गाडीचे कोट मागवले तर दीडशे युरोच्या आसपास आले, आणि ट्रेनचं तिकीट माणशी पाच युरोच्या आसपास. तिघांचा हिशेब केला आणि ट्रेन पक्की केली.

आम्ही आदल्या दिवशी पोचलो, हा एक निर्णय मात्र शंभर टक्के बरोबर होता. त्याच दिवशी उतरून त्याच दिवशी जहाज पकडायचा विचार मी पण केला होता, एक रात्रीचं हॉटेल वाचतं ना, पण आमच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की जहाज सुटायच्या दीड तास आधी चेक-इन बंद. विमान दोन तास लेट झालं की इमिग्रेशन, बॅगांचा बेल्ट, एक ट्रेन, दुसरी ट्रेन, बस, सगळंच मागे सरकत जातं आणि जहाज आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा आदल्या दिवशी पोचा, यावर मी कुणाशी वाद पण घालणार नाही.

फ्युमिचिनो एअरपोर्टवरून आम्ही लिओनार्दो एक्सप्रेस घेतली. ३२ मिनिटात टर्मिनी, मध्ये कुठे थांबत नाही, तिकीट १४ युरो माणशी. गाडी स्वच्छ, वेळेवर, सामान ठेवायला जागा आहे, गाडीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. फक्त तिघांचे ४२ युरो झाले, आणि एअरपोर्टवरून शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत जायला टॅक्सीचं सरकारी ठरलेलं भाडं आहे, पन्नासच्या थोडं वर, सामानासकट, थेट हॉटेलच्या दारात. म्हणजे दहा-बारा युरोसाठी आम्ही टर्मिनीपासून हॉटेलपर्यंत पाच बॅगा दगडी रस्त्यावरून ओढल्या. रोमचे ते छोटे चौकोनी काळे दगड फोटोत फार सुंदर दिसतात पण चार चाकांच्या बॅगेचे हाल करतात, चाक फटीत अडकतं आणि बॅग आडवी होते. तिथे बॅग तिरकी करून मागच्या दोन चाकांवरच ओढायची, हे आईला सगळ्यात आधी जमलं. एकटे किंवा दोघं असाल तर एक्सप्रेस घ्या, तिघं-चौघं असाल आणि हॉटेल मध्यभागी असेल तर टॅक्सी. टॅक्सी मात्र रांगेतलीच घ्या, पांढरी, अधिकृत. आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

आता मुख्य दिवस. दुपारी दोनच्या आत पोर्टवर पोचायचं म्हणून आम्ही सकाळी दहाच्या आधीच टर्मिनीवर. तिकीट मशीनवर इंग्लिश भाषा आहे, कार्ड चालतं, दोन मिनिटाचं काम. फक्त तिथे मदत करायला जे लोक आपणहून येतात त्यांना नम्रपणे नाही म्हणा, ते स्टेशनचे कर्मचारी नसतात, नंतर पैसे मागतात आणि तुमचं लक्ष स्क्रीनवर असताना बॅगेकडे कुणाचं असतं हा प्रश्नच आहे. आम्ही ठरवूनच टाकलं होतं की मशीनवर मी, आणि आई-बाबा भिंतीला पाठ लावून बॅगा मध्ये घेऊन उभे राहणार.

मग बोर्ड बघितला तर चिविताव्हेक्या कुठेच नाही! पाच मिनिटं आम्ही नुसते घाबरून उभे. नंतर कळलं की बोर्डवर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहितात, आणि चिविताव्हेक्याला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पुढे पिसा किंवा ग्रोसेतोला जातात, तेव्हा बोर्डवर पिसा दिसतं आणि आपलं स्टेशन शेजारच्या सरकत्या ओळीत येतं. म्हणून गाडीचा नंबर बघा, तो तिकिटाच्या ॲपवर असतो, नावावर जाऊ नका. 'बिनारिओ' म्हणजे प्लॅटफॉर्म, हा एक शब्द पाठ करून ठेवा. ह्या लांब जाणाऱ्या गाड्या कमी थांबतात म्हणून साधारण तासाभरात पोचवतात, आणि जी लोकलसारखी एफएल-५ लाइन आहे ती सगळीकडे थांबत सव्वा तासाच्या आसपास घेते, भाडं मात्र सारखंच. तेव्हा वेळापत्रकात 'वेलोचे' (म्हणजे जलद) शब्द असलेली गाडी शोधा.

प्लॅटफॉर्म आला २७. आणि इथेच आमचं गणित चुकलं. टर्मिनीवर चिविताव्हेक्याच्या गाड्या बहुतेक वेळा २५ नंबरच्या पुढच्या प्लॅटफॉर्मवरून सुटतात आणि ते प्लॅटफॉर्म बाकीच्यांच्या रांगेत नाहीत, खूप पुढे आहेत, २४ नंबरच्या कडेकडेने चालत जावं लागतं. मोकळ्या हाताने सात-आठ मिनिटं लागतील, पण बॅगा, गर्दी आणि गुडघेदुखीवाले बाबा धरून आम्हाला पंधरा लागली. गाडी सुटायला अठरा मिनिटं असताना नंबर कळला होता. बाबा काही बोलले नाहीत, ते कधीच बोलत नाहीत, पण मध्ये दोनदा बॅगेच्या हँडलवर भार देऊन थांबले आणि तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण टर्मिनीजवळचं हॉटेल 'सोयीचं' म्हणून मीच निवडलं होतं.

आणि याच गडबडीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहत होती, ती म्हणजे तिकीट पंच करणं. रीजनल गाडीचं कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन चालत नाही, प्लॅटफॉर्मजवळ छोटी मशीनं लावलेली असतात त्यात घालून त्याच्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो, तिथून ते चार तास चालतं. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड. ॲपवरचं तिकीट असेल तर गाडीत बसायच्या आधी मोबाईलमध्ये चेक-इन दाबायचं. एका इटालियन आजींनी आईच्या हातातलं तिकीट बघून मशीनकडे बोट दाखवलं, भाषा येत नव्हती तरी हाताने 'ठक्' करून दाखवलं. आईने तिथेच त्यांना नमस्कार केला.

गाडीत सीट नंबर नसतो, मिळेल तिथे बसा. डबे दुमजली होते, दारातून आत आलं की काही पायऱ्या वर आणि काही खाली, म्हणून मोठ्या बॅगा घेऊन वर जायचा विचारच करू नका, दाराजवळच्या मोकळ्या जागेत थांबा, तिथे घडीच्या सीट असतात. वरच्या रॅकवर केबिन बॅग बसते, २८ इंची अजिबात नाही. आणि चार चाकांच्या बॅगा ब्रेक लागला की चालू लागतात! आम्ही शेवटी दोन बॅगा आडव्या टाकल्या आणि तिसरी बाबांनी दोन पायात धरली. जागा मिळाली तर डाव्या हाताला बसा, सांता मारिनेल्लाच्या आसपास रूळ समुद्राच्या अगदी जवळून जातात. निळं पाणी दिसलं आणि बाबा पहिल्यांदा हसले. त्यावेळी पाच युरोचं तिकीट मला खूप स्वस्त वाटलं.

चिविताव्हेक्याला उतरलं की गर्दीच्या मागे जा, निम्म्या लोकांकडे मोठ्या बॅगा असतातच. बंदर चालत जवळ आहे असं लोक सांगतात आणि ते खोटं नाही, पण जवळ आहे ते बंदराचं तोंड, तुमचं जहाज नाही. बंदर लांबलचक आहे आणि आत जहाजापर्यंत चालत सोडत नाहीत. पद्धत अशी आहे की स्टेशनच्या बाहेरून बस 'लार्गो देल्ला पाचे' नावाच्या जागी नेते, तिचं वेगळं तिकीट असतं, आणि तिथून आपापल्या जहाजाकडे बंदराची फुकट शटल. शटलमध्ये बसण्याआधी जहाजाचं नाव सांगून विचारून घ्या, वेगवेगळ्या धक्क्यांना वेगवेगळ्या बस जातात. सामान कमी असेल तर समुद्राच्या कडेने चालत जायला छान वाटेल, वाटेत मायकेलअँजेलोच्या नावाचा किल्ला लागतो, त्याचं बांधकाम १५०८ साली ब्रामान्ते या वास्तुविशारदाने सुरू केलं होतं. आम्ही तो बसच्या खिडकीतून बघितला आणि तेवढ्यावर खूश राहिलो.

टर्मिनलला बॅगा घेतात आणि त्या थेट केबिनच्या दाराशी येतात, त्यासाठी जहाजाचे कागदी टॅग लावायचे असतात. मी ते रात्रीच हॉटेलवर लावून ठेवले होते, नीटनेटकं म्हणून. त्यातला एक टर्मिनी आणि ट्रेनच्या मधे कुठेतरी फाटून गेला. पोर्टवरच्या हमालाने लगेच हाताने लिहून नवीन दिला, काही अडलं नाही, पण टॅग पोर्टवर पोचल्यावरच लावा आणि छोटा स्टेपलर जवळ ठेवा. तसाही आपलं नाव आणि केबिन नंबर बॅगेवर मिरवत स्टेशनभर फिरणं बरं नाही. पासपोर्ट, औषधं आणि एक बदलायचा कपड्यांचा जोड खांद्यावरच्या सॅकमध्ये, कारण आमची शेवटची बॅग केबिनला यायला संध्याकाळ झाली.

येताना आम्ही शहाणे झालो होतो. एअरपोर्टलाच जायचं होतं त्यामुळे टर्मिनीपर्यंत गेलोच नाही, चिविताव्हेक्याहून बसलो ते रोममधल्याच त्रास्तेव्हेरे स्टेशनला उतरलो आणि तिथून एअरपोर्टची एफएल-१ पकडली, ८ युरो माणशी, आणि त्रास्तेव्हेरेहून साधारण अर्धा तास. स्टेशन लहान आहे, प्लॅटफॉर्म बदलायला भुयारी मार्ग, लिफ्टसमोर रांग होती पण आम्हाला घाई नव्हती. जाताना हाच रस्ता उलटा पकडला असता, म्हणजे हॉटेल त्रास्तेव्हेरे किंवा सान पिएत्रो स्टेशनजवळ घेतलं असतं, तर चिविताव्हेक्याची तीच एफएल-५ तिथेही थांबते आणि २७ नंबरपर्यंतची ती चाल पूर्ण वाचली असती. एअरपोर्टवरून थेट जहाजाकडे जाणाऱ्यांना तर टर्मिनीला जायचं काही कारणच नाही, एफएल-१ ने त्रास्तेव्हेरे, तिथे गाडी बदला, पुढे चिविताव्हेक्या. लिओनार्दो एक्सप्रेस जलद आहे म्हणून सगळे तीच सुचवतात, पण ती तुम्हाला जलद नेऊन सोडते ते सगळ्यात जास्त चालायला लावणाऱ्या स्टेशनवर.

एक गोष्ट संपाची. इटलीत रेल्वेचे संप होतात, 'शोपेरो' म्हणतात, आणि ते आधी जाहीर होतात, तेव्हा जायच्या आठवड्यात एकदा तारीख तपासा. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ रीजनल गाड्या ठरलेल्या प्रमाणात सोडाव्याच लागतात. तुमचा दिवस असा निघालाच तर सकाळची गाडी पकडून चिविताव्हेक्यात जाऊन बसा, रोममध्ये वाट बघत थांबू नका.

आणि बॅगांचं म्हणाल तर माणशी एक मोठी बॅग आणि पाठीवर एक सॅक, बस. जहाजावर वजनाची फारशी कटकट नसते म्हणून आम्ही भरत गेलो, तिघांत पाच बॅगा झाल्या, आणि दोन बॅगा कायम अशा की ज्यांच्यासाठी हात शिल्लक नव्हता. प्रत्येक पायरीला दोन फेऱ्या, एकजण खाली थांबायचं, एकजण वर. पुढच्या वेळी बॅग भरून झाली की घरातल्या जिन्यावरून ज्याची त्याने एकदा खालीवर नेऊन बघायची असं आईने ठरवलंय.

ट्रेनला माझ्याकडून ५ पैकी ४. बाबांनी विचारल्यावर ५ सांगितले, समुद्राच्या बाजूची सीट त्यांना मिळाली होती.