एफ५ दाबलं की आधी बिल्ड: व्हीएस कोडच्या टास्कचा वापरानंतरचा अनुभव

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना लागणारे तापमान नियंत्रक आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवतो. आत एसटीएम३२ चिप, कोड सी भाषेत. मेक चालवून कोडचं बिल्ड करा, तयार झालेलं फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम) बोर्डात टाका, चिपशी बोलणारा ओपनओसीडी सुरू करा, त्याला जीडीबी हा चुका शोधायचा डीबगर जोडा, हे सगळं टर्मिनलात हाताने चालायचं. गेल्या पावसाळ्यापासून ते व्हीएस कोड या एडिटरच्या टास्ककडे (ठरवून दिलेल्या कमांड चालवायची सोय) सोपवलंय आणि मी मनापासून खूश आहे.

मांडणी सोपी आहे. प्रोजेक्टमधल्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरात दोन फाइली: टास्क्स डॉट जेसनमध्ये बिल्डच्या कमांड, लाँच डॉट जेसनमध्ये डीबगरची माहिती. लाँच फाइलीत प्रीलाँचटास्कपुढे बिल्ड टास्कचं लेबल जसंच्या तसं लिहायचं. मग एफ५ दाबल्यावर आधी बिल्ड होतं, नंतर डीबगर लागतो. अख्ख्या सोयीतली हीच ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. स्क्रीनवर नवा कोड आणि बोर्डात जुनं फर्मवेअर असलं की ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) भलत्याच ओळीवर थांबतो आणि माणूस नसलेला बग शोधत बसतो. ती कटकट गेली.

टास्कच्या आउटपुटमधून चुका ओळखणाऱ्या प्रॉब्लेममॅचरला डॉलर-जीसीसी दिलं की कंपायलरच्या चुका खालच्या यादीत येतात, क्लिक केलं की थेट त्या ओळीवर.

दोन ठिकाणी मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. आधी कोणते टास्क चालवायचे ते सांगणाऱ्या डिपेंड्सऑनमध्ये क्लीन (जुन्या बिल्डच्या फाइली पुसणं) आणि बिल्ड असे दोन टास्क दिले तर ते एकदमच सुटतात. एकामागून एक हवे असतील तर डिपेंड्सऑर्डरला सीक्वेन्स लिहायलाच हवं. दुसरं, ओपनओसीडी हा न संपणारा प्रोग्रॅम. तो साध्या टास्कमध्ये टाकून प्रीलाँचटास्कला जोडला तर तो संपायची वाट बघत डीबगर तसाच थांबून राहतो. इझबॅकग्राउंड ट्रू करून, ‘तयार झालो’ हे कोणत्या ओळीवरून ओळखायचं तेही मॅचरमध्ये सांगावं लागतं. आम्ही कॉर्टेक्स-डीबग एक्स्टेन्शन घेतलं. ते ओपनओसीडी स्वतःच सुरू करतं, त्यामुळे तो टास्कच काढून टाकला.

एफ५ इतकं सोपं झाल्यावर एक नियम आम्ही कडक केलाय: चालू भट्टीला जोडलेल्या बोर्डावर डीबगर लावायचा नाही. ब्रेकपॉइंटला प्रोसेसर थांबतो, रिले मात्र आहे तसाच राहतो. म्हणजे हीटर चालू असेल तर तो चालूच. टेबलावर लोड म्हणून बल्ब लावून काम करायचं.

डॉट-व्हीएसकोड फोल्डर कोडबरोबर गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारा, सगळ्यांचा सामायिक साठा) असल्यामुळे कॉलेजातून नव्याने आलेल्या पोराला टूलचेन (कंपायलर वगैरे) टाकून दिली की तो पहिल्याच दिवशी बिल्ड करतो. विंडोज आणि लिनक्ससाठी वेगळ्या कमांडही त्याच फाइलीत बसतात.

घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की मेकफाइल (मेकला बिल्डच्या सूचना देणारी फाइल) मोडू नका. टास्कने फक्त मेकला हाक मारावी. साइटवरच्या एखाद्या लॅपटॉपवर हा एडिटर नसला, तरी टर्मिनलातून तेच फर्मवेअर तयार व्हायला हवं.