सिटअप्स मारू की बर्डडॉग-साइड प्लँक करू? भरतीवाल्या पोट्ट्यांसाठी

पोलीस भरतीची तयारी करून राहिलेले पोट्टे पहाटे ग्राउंडवर येतात अन् एकमेकांचे पाय धरून सिटअप्स मारतात, मंग कोणी मोबाइलवर बर्डडॉग (हात-गुडघ्यांवर राहून एक हात समोर अन् त्याच्या उलट बाजूचा पाय मागं लांब करायचा) पाहते अन् विचारते, भाऊ नेमकं काय करू? माझं मत आधीच सांगतो, बर्डडॉग अन् साइड प्लँक (कुशीवर होऊन कोपरावर अंग सरळ उचलून धरायचं).

कारण असं की १६०० मीटर धावताना उजवा पाय मागं ढकलतो तेव्हा डावा हातही मागंच जाते. उजव्या कुल्ल्याचा मोठा स्नायू अन् डाव्या पाठीचा रुंद स्नायू तिथं जोडीनं काम करतात, मधात कमरेवर जाड पांढरा पडदा आहे, थोरॅकोलंबर फॅशिया म्हणतात त्याले, त्यातून जोर तिरपा पलीकडे पोचते. ७.२६० किलोचा गोळा फेकतानाही जोर पायातून निघून पोटाच्या तिरप्या स्नायूंमधूनच हातात येते, मधात पोट ढिलं असलं तर तो कमरेतच जिरते. बर्डडॉगमधे नेमका उलटा हात-उलटा पाय लांब होते, म्हणजे हीच साखळी कामाला लागते.

अजून एक गोष्ट. हात हलायच्या आधीच पोटाचा सगळ्यात आतला स्नायू आवळला जाते, ऑस्ट्रेलियात हॉजेस अन् रिचर्डसन या संशोधकांनी १९९६ साली हे मोजून दाखवलं, अन् कंबरदुखीवाल्यांमधे तो उशिरा आवळत होता.

सिटअप्स वाईट नाही. समोरचं पोट मजबूत होते, आकडा वाढत जाते म्हणून मन लागते, साइड प्लँक त्यामानानं लय कंटाळवाणा. पण त्यात कंबर पुन्हा पुन्हा वाकते, अन् झोपून उठल्यावर मणक्यामधल्या गाद्या पाणी ओढून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की ताण जास्त, अन् आपण मारतो पहाटेच! मारायच्याच असतील तर संध्याकाळी, थोड्या.

ज्यांना दिवसभर कापूस वेचायचा किंवा पाठीवर फवारणीचा पंप घ्यायचा आहे त्यांची कंबर तशीही वाकून वाकून थकते, त्यांनी तर सिटअप्स सोडाच. साइड प्लँक १० सेकंद धरा, सोडा, परत धरा, श्वास चालू ठेवा. भरलेली बादली एकाच हातात घेऊन सरळ चाला, उलट्या बाजूची कंबर कशी आवळते ते लगेच कळते.

कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर दोन्हीतलं काहीच नको, आधी डॉक्टरले दाखवा.