स्विस सोल्जर चाकूंच्या नादात ५०,०७० रुपये गेले, जुने चाकू घेणाऱ्यांनी वाचाच

आधी आकडा सांगतो. ५०,०७०. वरचे सत्तरसुद्धा लिहितोय कारण ते सत्तरही माझ्याच खात्यातून गेलेत. १२,००० ॲडव्हान्स, २६,००० बाकीचे, ४,७२० 'रिफंडेबल' इन्शुरन्स, आणि शेवटचे ७,३५०, जे घरी अजून सांगितलेले नाहीत. हिला वाटतंय ४२,७२० वरच निभावलं. तेव्हा आमच्या सोसायटीतल्या कुणी हे वाचलं तर कृपा करून गप्प बसा.

आणि हे पण आधीच सांगतो की मी ओटीपी सांगणाऱ्यातला नाही. वीज कापणार, केवायसी संपली, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, असले फोन आले की मी समोरच्याला दहा मिनिटं बोलण्यात गुंतवून मग शिव्या घालतो. पण हा भामटा आला माझ्या छंदाच्या रस्त्याने, आणि तिथे माझा पहारा नव्हता, कुणाचाच नसतो.

छंद म्हणजे जुने फोल्डिंग चाकू. त्यातही कुणी न विचारलेले आणि बंद पडलेले. ठाण्यातले आम्ही काहीजण रविवारी सकाळी तलावपाळीला चहाला जमतो आणि तासन्‌तास हेच बोलतो, की एलिनॉक्सला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं, पात्यावर व्हिक्टोरिनॉक्स, म्हणजे त्या नावाजलेल्या स्विस चाकू कंपनीचं नाव, लिहिलेलं नाही म्हणून लोक परत ठेवायचे, अरे पण त्यांचीच स्वस्तातली लाइन होती ती. किंवा वेंगर, दुसरी स्विस चाकू कंपनी. बिचारा कायम धाकटा भाऊ. १९०८ पासून स्विस सैन्याला दोघंही चाकू पुरवायचे, पण इथे लोकांना एकच नाव माहीत. २००५ ला व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतलं, २०१३ नंतर चाकूवरचं नावही गेलं आणि मग ज्यांनी वेंगर हातात घेऊन परत ठेवला होता तेच आता दुप्पट पैसे मोजतायत. वेंगरच्या चाकूतल्या कात्रीला बारीक दाते असतात, कागद निसटत नाही, अजून तशी कात्री नाही. अमेरिकेतला श्रेड चाकूंचा कारखाना २००४ ला बंद झाला, आता त्याच नावाचा माल चीनमधून येतो. असं सगळं. चोरबाजारात मटन स्ट्रीटला एकाला इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या रॉजर्स कंपनीचा, तारा आणि क्रॉसची खूण असलेला चाकू गंजलेल्या नट-बोल्टच्या डब्यात सापडला होता, ती गोष्ट तर आम्हाला पाठ आहे, दर वेळी किंमत तेवढी कमी होते.

माझं वेड म्हणजे स्विस सोल्जर, १९६१ चं मॉडेल. खडबडीत ॲल्युमिनियमची चंदेरी मूठ, ९३ मिलिमीटर, एक पातं, एक टोच्या, डबा उघडायचं आणि बाटली उघडायचं, बस्स. बूच काढायचा स्क्रू पण नाही. २००८ ला सैन्याने तो बंद करून मोठा, प्लॅस्टिक मुठीचा, एका हाताने उघडणारा, दातेरी पात्याचा घेतला. जुन्याची गंमत अशी की पातं जिथे मुठीत वळतं तिथे बनवणाऱ्याचं नाव आणि खाली सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात. मी ती सालं गोळा करतो. दिसायला सगळे सारखेच, ही म्हणते एकच चाकू किती वेळा घेणार, पण ज्याला कळतं त्याला कळतं.

तर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी यादी टाकली होती की माझ्याकडे ही नऊ सालं नाहीत, कुणाला दिसली तर सांगा. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एकाचा पर्सनलवर मेसेज. "काका नमस्कार, ग्रुपमध्ये आहे मी, फारसा बोलत नाही. पनवेलला असतो. बाबा मर्चंट नेव्हीत होते, आता गेले. त्यांचे चाकू पडलेत, आम्हाला यातलं काही कळत नाही, भंगारात टाकायला जीव होत नाही, जाणकाराच्या हातात गेले तर बरं." फोनवर आवाज तरुण, मराठी स्वच्छ, काका-काका करून बोलणं. आणि बोलता बोलता म्हणाला, बाबा म्हणायचे एलिनॉक्सला कुणी विचारत नाही पण आतून माल तोच. मी विरघळलो. हे वाक्य मीच कधीतरी ग्रुपवर लिहिलं होतं, शब्दाला शब्द, हे मला पैसे गेल्यावर मागचं सगळं वाचताना दिसलं. मर्चंट नेव्हीतले वडीलही आमच्याच दुसऱ्या एका मेंबरचे. आमच्या आठवणी आम्हालाच विकल्या भडव्याने. ज्यांना ग्रुप चालवायची हौस आहे त्यांनी अनोळखी नंबर ॲड करताना निदान एक फोन तरी करा.

त्याच्याकडे सोल्जर होते नऊ. आणि सालं? माझ्याकडे नसलेली तीच नऊ. आता वाचणारा म्हणेल, काका, इथेच कळायला हवं होतं. थांबा, याच्याही पुढचं आहे.

माझ्या यादीत एक चूक होती. मला ६६ लिहायचं होतं, मोबाईलवर ६० पडलं. कुणीतरी चहाला बोललाही होता, सगळे हसले, ग्रुपवर मात्र दुरुस्ती राहून गेली. तर याने पाठवलेल्या यादीत सगळ्यात वर काय? ६०. अहो, मॉडेलच ६१ चं! त्याच्या आधीचा १९५१ चा सोल्जर लालसर फायबरच्या मुठीचा असायचा, चंदेरी ॲल्युमिनियमच्या मुठीवर ६० साल असूच शकत नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि मी ते वाचलं. नीट वाचलं. मी त्याला विचारलंसुद्धा, "६० नक्की का?" तो म्हणाला, "हो काका, जरा झिजलाय, पण साठच वाटतोय." आणि माझ्या डोक्यात काय आलं माहितीये? की याला खरंच कळत नाही, आकडा बारीक असतो, झिजलेल्या ६ चा ० दिसतो, हा ६६ च असणार. म्हणजे मीच त्याच्या वतीने खुलासा शोधून दिला, वर मनातल्या मनात खूष, की पोराला ठाऊक नाही काय विकतोय. अजून रात्री ते "साठच वाटतोय" आठवलं की कानशिलं तापतात. पण हेही सांगा, झिजलेले आकडे असे दिसतात की नाही? दिसतात. माझ्या जागी कुणीही हेच धरलं असतं.

भाव म्हणाल तर ३८,००० नऊचे. अगदी मातीमोल सांगितला असता तर मी तिथेच सावध झालो असतो. हा चालू भावाच्या जरासाच खाली, घासाघीस पण केली, ४१ वरून ३८ वर आला. भेटायचंही त्यानेच आपणहून सांगितलं, "काका पनवेलला या, बघून घ्या." मी ट्रान्स हार्बरने जाणारच होतो, आदल्या रात्री मेसेज, आईला ॲडमिट केलंय, दवाखान्यात आहे, दुसरा एकजण पण मागतोय, तुम्ही थोडे टाकलेत तर त्याला नाही म्हणतो. आजारी आईचं नाव काढल्यावर माणूस हिशेब विचारत नाही. टाकले १२,०००. ॲपवर नाव भलतंच दिसलं, म्हणाला मेव्हण्याचं खातं आहे. नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबायचं, मेव्हणा असो नाहीतर साक्षात वडील असोत.

मी व्हिडिओ मागितला, बावळट नाही मी. आला व्हिडिओ. टेबलावर चाकू ओळीत, एक हात एकेक उघडून मुळाशी अंगठा नेऊन दाखवतोय, खटका ऐकू येतोय, सगळं झकास. २६,००० गेले. नंतर आमच्यातल्या एकाने तोच व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "मागे भिंतीला काय आहे?" मागे खिडकीखाली पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा लोखंडी हीटर, युरोपात घरं गरम करायला असतो तो. पनवेलला! जिथे जानेवारीतही आम्ही पंखा लावून झोपतो! पण माझी नजर सालावर होती, भिंत कोण बघतो. म्हणून व्हिडिओ मागाल तर त्यात कागदावर तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख हाताने लिहून चाकूशेजारी ठेवायला सांगा, आणि शक्यतो व्हिडिओ कॉलच करा.

मग ४,७२० पार्सलचा इन्शुरन्स, डिलिव्हरी झाली की परत मिळणार. कुरियरची पावती आली, वजन ७०० ग्रॅम. एक सोल्जर ७० ग्रॅमच्या आसपास भरतो, नऊ आणि खोका, बरोबर जुळलं, मला अजूनच खात्री. पार्सल आलं, सही केली, उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नऊ सुऱ्या. फळं कापायच्या, प्लॅस्टिकच्या मुठीच्या, तीन हिरव्या, बाकी लाल-पिवळ्या, जांभळी नाक्यावर वीस-पंचवीसला मिळतात तसल्या. एकीच्या पात्यावर किमतीचा स्टिकर अर्धवट खरवडलेला. आणि खाली वजन भरायला घरच्या फरशीचा तुकडा, त्याच्या कडेला सिमेंट तसंच. पार्सल उघडताना शूटिंग करा, पट्टी कापायच्या आधीपासून. मी केलं नव्हतं.

फोन केला तर उचलला! तो म्हणे, "काका, पार्सल बदललं गेलं कुरियरमध्ये, मी बोलतो." लगेच 'कुरियरच्या क्लेम डिपार्टमेंट'चा फोन, सगळं इंग्रजीत, क्लेम डिपॉझिट ७,३५०, दोन तासांत पूर्ण रक्कम परत. ४२ बुडतायत म्हटल्यावर ७ चं काही वाटत नाही हो. त्यानंतर दोन्ही नंबर बंद.

आता सरकारी कौतुक ऐका. आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो, हातात पिशवी, पिशवीत त्या सुऱ्या पुरावा म्हणून. ड्युटीवरच्या साहेबांनी त्या टेबलावर मांडून घेतल्या, मोजल्या आणि विचारलं, "काय मागवलं होतं?" म्हटलं, "चाकू." "किती?" "नऊ." "मग नऊ आलेत की." शेजारचा हवालदार फस्सकन हसला. मी समजावायला लागलो, सोल्जर, साल, १९६१, स्विस सैन्य, तर साहेबांचा चेहराच बदलला, "सैन्याचे चाकू? घरी आणखी किती आहेत? कशाला लागतात?" म्हणजे पैसे माझे गेले आणि जबाब माझाच! मी सांगितलं, साहेब, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला नियम लागतात, हे पातं पावणेतीन इंच आहे, तर म्हणे कायदा आम्हाला शिकवू नका. शेवटी काय तर माल मिळालाय, क्वालिटीबद्दल तक्रार आहे, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. दिवाणी? खोटं नाव, चोरलेला व्हिडिओ, खोटा क्लेमवाला, आणि दिवाणी? फसवणुकीचं ४२० कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१८ आलं, पण टेबलामागचा माणूस तोच. मग म्हणाले सायबरला जा, सायबरवाले म्हणाले आधी लोकल ठाण्याचं पत्र आणा, लोकल म्हणाले बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा, बँकेत गेलो तर तिथली मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना सर? पिन तुम्हीच टाकला ना?" हो बाई, मीच टाकला, म्हणून ते चोराचे झाले का? समोरचं खातं कुठलं ते सांगता येणार नाही, प्रायव्हसी आहे. चोराला प्रायव्हसी, आणि माझा आधार, पॅन, पत्ता, चाकूंची संख्या मात्र प्रत्येक टेबलावर लिहून घेतलेली. शिक्का मारणारा लंचला, मग ट्रेनिंगला, मग सुट्टीवर. पोस्टमनसारखी इकडची पत्रं तिकडे नेतोय मी, पगाराशिवाय.

ह्यात शिकलो ते असं की पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा, कुणाशी चर्चा करत बसायचं नाही, पैसा समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवला तरच आशा असते. मी तो वेळ 'क्लेम डिपार्टमेंट'शी बोलण्यात घालवला. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार घरबसल्या होते, पावती क्रमांक मिळतो. ठाण्यात "आमच्या हद्दीत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर हा शब्द उच्चारा, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवावा लागतो. बँकेला तक्रार लेखी द्या, तोंडी नाही, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझी तिथे गेलीय, बघू. आणि आपल्याकडे काय नाही त्याची यादी चारचौघांत टाकू नका. मी माझी काढून टाकली.

मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका संग्राहकाने मला एक यादी फॉरवर्ड केली, चांगला सोर्स मिळालाय म्हणून. यावेळी वडील एअर इंडियात होते आणि मुलगा नाशिकला असतो. सोल्जर नऊ, सालं माझीच, सगळ्यात वर ६०. त्याने अजून पैसे दिले नव्हते म्हणून वाचला. ही यादी अजून कुणाकुणाला आली असेल तर चॅट डिलीट करू नका, त्याला ब्लॉकही करू नका, स्क्रीनशॉट आणि नंबर जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याला दिवाणी म्हणून हाकलतात, सात-आठजण एकदम जाऊन उभे राहू, मग बघतो कसं हाकलतात.