नेटसीडीएफ-४, नऊ महिन्यांनंतर: एक गेलेली फाइल आणि तीन शब्दांचा एरर

मृगाचा पहिला मोठा पाऊस, रात्रीचे सव्वातीन, आणि लाइट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच संपली आहे, त्यामुळे तो वायर लावूनच चालतो. घरात इन्व्हर्टर नाही. त्या वेळी लॅपटॉपवर संध्याकाळपासून एक काम चालू होतं: महाराष्ट्रातल्या चारशेच्या आसपास ग्रिडबिंदूंसाठी (नकाशावरच्या जाळीतल्या ठरावीक अंतरावरच्या बिंदूंसाठी) १९०१ ते २०२३ पर्यंतच्या पावसातले खंड मोजायचे, म्हणजे २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचे सलग दिवस. साडेनऊ तास झाले होते, दीड तास उरला होता.

सकाळी निकालांची फाइल जागेवर होती. आकारही ठीक वाटला. एनसीडम्प ही फाइलमध्ये काय आहे ते दाखवणारी आज्ञा लावली आणि उत्तर आलं: ‘नेटसीडीएफ: एचडीएफ एरर’.

एवढंच. काय झालंय, कुठे झालंय, काही वाचण्यासारखं उरलंय का, यातलं काहीही नाही. नऊ महिन्यांत मी नेटसीडीएफ या, हवामानासारखे जाळीवरचे आकडे फाइलमध्ये ठेवणाऱ्या लायब्ररीबद्दल बरंच चांगलं शिकले आणि ते पुढे लिहिलंच आहे. पण त्या तीन शब्दांचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते.

मी पाणलोटाच्या कामात आहे. माण, खटाव, आटपाडी हा माझा भाग. हवामान खात्याचा पुण्याहून मिळणारा पाव अंशाचा रोजचा पाऊस मी वर्षानुवर्षं त्यांच्या बायनरी फायलींतून वाचत आले. ज्यांनी तो वापरलाय त्यांना १३५ बाय १२९ हे आकडे (रेखांशाचे आणि अक्षांशाचे बिंदू) तोंडपाठ असतील. असावेच लागतात, कारण बायनरी फाइल स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. पहिला बिंदू ६.५ उत्तर, ६६.५ पूर्व, आणि नोंद नसेल तिथे -९९९, हे सगळं वेगळ्या कागदावर. एकदा एका मुलीने तो -९९९ न वगळता सरासरी काढली आणि तालुक्याचा पाऊस उणे आला. उणे आला म्हणून निदान कळलं तरी.

म्हणून नेटसीडीएफवर आले. इथे अक्षांश, रेखांश, एकक, कोणता आकडा ‘नोंद नाही’ म्हणून धरायचा, तारीख कोणत्या दिवसापासून मोजायची, हे सगळं आकड्यांबरोबर त्याच फाइलमध्ये राहतं. पायथनमधून वाचताना ‘नोंद नाही’वाले बिंदू आपोआप झाकले जातात. पहिले दोन महिने मी खूश होते. सगळी वर्षं जोडून मी एकच मोठी फाइल केली होती.

मग ती रात्र आली.

त्यानंतर आठवडाभर मी चिकाटीने कारण शोधलं. नेटसीडीएफ-४ म्हणजे आतून एचडीएफ५, हे मोठ्या आकडेवारीच्या फायलींचं वेगळंच एक स्वरूप. २००८ पासून नेटसीडीएफ बनवणाऱ्या युनिडेटाने जुन्या स्वरूपाच्या जोडीला हे आणलं. एचडीएफ५ फाइलमध्ये आकडे कुठे ठेवलेत याची अनुक्रमणिका बराच वेळ मेमरीत राहते आणि फाइल नीट बंद झाली की डिस्कवर पक्की होते. मधेच वीज गेली तर आकडे डिस्कवर असतील, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट गेलेली असते. एचडीएफच्या साधनांत एच५क्लिअर नावाची आज्ञा आहे, ती अर्धवट उघड्या राहिलेल्या फाइलच्या खुणा पुसते. तीही चालवून पाहिली. माझी अनुक्रमणिकाच डिस्कवर पोचली नव्हती, त्यामुळे काही हाती लागलं नाही.

हे मी समजू शकते. वीज गेल्याचा दोष लायब्ररीच्या माथी मारणार नाही. पण तो संदेश! पुढच्या महिन्यांत मला तोच ‘एचडीएफ एरर’ आणखी एकदा दिसला. फाइल नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर होती आणि फाइल पूर्णपणे धडधाकट होती. भानगड एवढीच की एचडीएफ५ आवृत्ती १.१० पासून फाइल उघडताना कुलूप लावू पाहतं आणि काही नेटवर्क डिस्क ते कुलूप लावू देत नाहीत. एचडीएफ५_यूज_फाइल_लॉकिंग हा पर्याय ‘फॉल्स’ केला की झालं. एकीकडे मेलेली फाइल, दुसरीकडे फक्त कुलूप, आणि दोन्हींना उत्तर एकच. आतल्या एचडीएफला बिनसलं कुठे ते माहीत असतं, त्याच्या चुकांची पूर्ण यादी तयार असते. ती वरपर्यंत येत नाही. पहिल्या वेळी ‘अनुक्रमणिका अपुरी’ आणि दुसऱ्या वेळी ‘कुलूप लागत नाही’ एवढं जरी लिहून आलं असतं, तरी माझे पंधरा दिवस वाचले असते. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाचे पंधरा दिवस आहेत ते.

रागाच्या भरात मी जुन्या, क्लासिक स्वरूपाकडे गेले. त्यात रोजचा नकाशा एकामागून एक ठेवलेला असतो आणि किती दिवस झाले हा आकडा फाइलच्या सुरुवातीलाच असतो. मुद्दाम लिहिता लिहिता वायर काढून पाहिली: शेवटच्या सिंकपर्यंतचे, म्हणजे मेमरीतलं डिस्कवर उतरवलं तिथपर्यंतचे, सगळे दिवस शाबूत. ‘क्लासिक म्हणजे २ जीबीची मर्यादा’ असं ऐकून होते आणि माझी फाइल ३.१ जीबीची. प्रत्यक्षात वाढत जाणारी काळाची मिती असेल तर ती मर्यादा तशी आड येत नाही, फाइल व्यवस्थित झाली. त्या आठवड्यात मी ओळखीच्या चौघांना ‘४ च्या नादी लागू नका’ असं सांगितलं.

ते सांगणं मी मागे घेते. कारण खरा घोळ भलतीकडेच होता.

मुळात अकरा तास का लागत होते? सप्टेंबरमध्ये एकदा सहज जुन्या फाइलवर एनसीडम्प ‘-एचएस’ लावून चालवलं. नुसत्या ‘-एच’ने दिसत नाही ते यात दिसतं: आकडे आत कोणत्या मापाच्या तुकड्यांत बांधलेत. माझे चंक, म्हणजे हे तुकडे, होते १ × १२९ × १३५. एक दिवस, अख्खा देश, एक तुकडा. आता माणजवळचा १७.७५ उत्तर, ७४.५ पूर्व हा बिंदू घ्या. त्याची १२३ वर्षांची मालिका म्हणजे ४४,९२५ दिवस, साधारण १८० केबी. ती वाचायला लायब्ररीला ४४,९२५ तुकडे उलगडावे लागत होते, म्हणजे ३.१ जीबी. आणि हे चारशे बिंदूंसाठी चारशे वेळा! भाकरीचा एक घास घ्यायला दर वेळी अख्खी दुरडी उपसायची, असा तो प्रकार. वर्षावर्षाच्या फायली दिवसाच्या क्रमाने जोडल्या तेव्हा हे माप मीच ठरून जाऊ दिलं होतं, मला त्याचा पत्ताच नव्हता.

एनसीकॉपी या फाइलची प्रत काढणाऱ्या आज्ञेने चंक बदलले: काळ १०००, अक्षांश १५, रेखांश १५. एक तुकडा ९ लाख बाइटांचा. आता एका बिंदूसाठी ४५ तुकडे, म्हणजे ४० एमबीच्या आत-बाहेर. उलट एका दिवसाचा नकाशा हवा असेल तर ८१ तुकडे उलगडावे लागतात, ७३ एमबी. पूर्वी त्याला एकच लहान तुकडा पुरायचा, म्हणजे तिकडे तोटा आहे. पण मी नकाशे क्वचित काढते, मालिका रोज काढते. ज्याला नकाशे हवेत त्याने उलटं करावं.

अकरा तासांचं काम चहा होईपर्यंत आटोपलं. मी दोनदा तपासलं, कुठले बिंदू गळले तर नाहीत ना म्हणून. तोच जुना लॅपटॉप, तीच डिस्क. एसएसडीसाठी बाजूला काढलेले पैसे तसेच राहिले.

क्लासिकमध्ये हे जमत नाही, चंक ही गोष्टच तिथे नाही. दाबून लहान करण्याची सोयही नाही. देशाबाहेरच्या आणि समुद्रावरच्या बिंदूंवर सगळीकडे तोच -९९९ असल्यामुळे ४ मध्ये फाइल निम्म्याहून बरीच लहान होते. डिफ्लेट (दाबायची पद्धत) पातळी १ आणि शफल (दाबण्याआधी बाइटांची फेरमांडणी) चालू, एवढं पुरे. ९ वर नेऊन वेळ गेला, जागा फारशी वाचली नाही. म्हणून पुन्हा ४ वर आले. आता लिहिणं नेहमी तात्पुरत्या नावाच्या प्रतीवर, दर वर्षाच्या शेवटी सिंक, फाइल बंद झाल्यावरच खरं नाव. सिंकच्या मधोमध वीज गेली तर हमी कुणीच देत नाही, पण मूळ फाइल तरी हात न लागता राहते.

फाइल दुसऱ्याला देताना एक ठेच लागली, तीही लिहून ठेवते. नेटसीडीएफच्या आवृत्ती ४.९.० पासून झेडस्टँडर्ड हा दाबायचा नवा प्रकार मिळतो. वेगवान आहे म्हणून मी तो लावला आणि फाइल एका महाविद्यालयातल्या सरांना पाठवली. त्यांच्याकडची लायब्ररी जुनी, फाइल उघडेना. फोनवर ते म्हणाले, “मॅडम, आमच्या लॅबमध्ये नवीन काही टाकायचं तर अर्ज करावा लागतो.” बरोबर आहे त्यांचं. वाटायची फाइल डिफ्लेटनेच दाबावी; ते सगळीकडे उघडतं. त्यांना मग फक्त सातारा-सांगलीचा तुकडा काढून दिला. मेलमधून गेला आणि एकही प्रश्न परत आला नाही, कारण एकक आणि तारखा फाइलमध्येच होत्या. बायनरीच्या काळात दर वेळी सोबत दोन पानांचं पत्र लिहावं लागायचं.

मे २०२५ मध्ये निधी अडल्यामुळे युनिडेटाने बहुतेक काम थांबवल्याची बातमी आली तेव्हा मी घाबरले होते. नंतर विचार केला की फाइलचं स्वरूप जगजाहीर आहे, कोड मोकळा आहे, आणि १९९० च्या सुमाराची क्लासिक फाइलही आजची लायब्ररी उघडते. शंभर वर्षांचा पाऊस ठेवायला मला हे पुरतं. पैसे शून्य लागले.

परवा २०२४ चं वर्ष जोडलं, लीप वर्ष, ३६६ दिवस. बाहेर आभाळ भरून आलं होतं, पण काम चार मिनिटांत झालं. फाइल बंद केली, नाव बदललं, एनसीडम्प लावलं. काळाच्या मितीपुढे आकडा आला: ४५,२९१.