शिडाच्या नौकेचे साखळी-तारेचे स्टीअरिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

तिसऱ्या महिन्यात स्टीअरिंगच्या चाकात बराच प्ले, म्हणजे ढिलाई, आला, तेव्हा मी सरळ तारेला दोष दिला आणि क्वाड्रंटपाशी (सुकाणूच्या दांड्यावरचा, तारा जोडलेला पंख्याच्या आकाराचा भाग) असलेले ताणाचे नट आवळले. प्ले गेला, परंतु चाक इतके जड झाले की सुकाणूवर पाण्याचा किती जोर आहे, हे हाताला कळेनासे झाले.

दुरुस्ती करणाऱ्याचे मत पडले की सुकाणूच्या दांड्याचे बेअरिंग फुगले आहे आणि नौका पाण्याबाहेर काढावी लागेल. नायलॉनची बेअरिंगे पाणी शोषून फुगतात हे खरे आहे. तरी एवढा खर्च करण्यापूर्वी मी नौका धक्क्याला बांधून तारा क्वाड्रंटपासून सोडल्या आणि आणीबाणीचा टिलर (सुकाणू थेट हाताने फिरवण्याचा दांडा) बसवून पाहिला. सुकाणू दोन्ही बाजूंना अलगद फिरले, म्हणजे दोष सुकाणूत नव्हता.

तो होता कॉकपिटखालच्या (नौका चालवणारा बसतो त्या जागेखालच्या), तार वळवणाऱ्या एका कप्पीत. तिच्या बैठकीचा बोल्ट सैल होऊन ती जराशी कलली होती. तार खाचेच्या मधोमध न जाता कडेला घासत होती आणि खाली धातूची काळपट भुकटी साचली होती. मी ताण वाढवला तसे हे घर्षणही वाढले. या यंत्रणेविषयी माझी खरी तक्रार हीच आहे: जी कप्पी वारंवार पाहायला हवी, तिच्यापर्यंत पोहोचायला मागच्या कप्प्यात आडवे सरपटून विजेरी आणि आरसा धरावा लागतो.

कप्पी सरळ केल्यावर चाक हलके झाले आणि जुनीच तार पुरेल असे मी ठरवले. हे मत मला पाचव्या महिन्यात बदलावे लागले. तारेवरून कागदी रुमाल फिरवला, तो नेमका कप्पीपाशी अडकला. ७×१९ विणीच्या या तारेत १३३ बारीक तारा असतात; त्यांतील काही तुटल्या होत्या. दुसरी बाजूही तितकीच वापरलेली असल्याने दोन्ही तारा बदलल्या. नवी तार सुरुवातीला थोडी लांबते, म्हणून काही फेऱ्यांनंतर ताण पुन्हा जुळवला: चाक पक्के बांधल्यावर क्वाड्रंट हाताने हलता कामा नये, आणि सोडल्यावर चाक विनासायास फिरले पाहिजे. घट्ट ग्रीसमध्ये कचरा अडकतो, म्हणून साखळीला व तारेला पातळ तेलच देतो.

त्या कप्पीसमोर मी तपासणीचे झाकण बसवून घेतले आहे. आता दर महिन्याला ते उघडून पाहतो. गेले तीन महिने खाली भुकटी पडलेली नाही.