पाठीला जपणारे दप्तर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

नवे दप्तर पहिल्या आठवड्यात छानच दिसते, म्हणून त्याविषयी लिहिण्याची घाई मी मुद्दाम केली नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने हे दप्तर संपूर्ण शैक्षणिक वर्षभर वापरले आहे, कधी पायी जाताना, कधी शाळेच्या बसमध्ये, आणि अनेकदा भर पावसात. विकत घेताना त्याला लटकवलेल्या चिठ्ठीवर दोन दावे ठळक छापलेले होते. पहिला, हे दप्तर मुलांच्या कण्याचे रक्षण करते. दुसरा, ते अंधारातही वाहनचालकाला दिसते. यांपैकी पहिला दावा फुगवलेला आहे आणि दुसरा बऱ्याच अंशी खरा आहे, असे माझे मत झाले आहे.

कण्याबद्दल आधी. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या नियतकालिकात २०१८ साली ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. दप्तराचे वजन, त्याची रचना किंवा ते वाहण्याची पद्धत यांमुळे मुलांमधील पाठदुखीचा धोका वाढतो, असे म्हणण्याइतका खात्रीलायक पुरावा त्या आढाव्यात मिळाला नाही. दप्तरामुळे कणा एका बाजूला कायमचा वाकतो, हा समजही निराधार आहे. तेव्हा आजार टाळण्याच्या आशेने जास्तीचे पैसे कोणी मोजू नयेत. मात्र आजार होत नाही म्हणून त्रासही होत नाही, असे नाही. जड दप्तर घेतलेले मूल पुढे झुकून चालते, लवकर दमते आणि जिना उतरताना त्याचा तोल जातो. एवढ्या कारणासाठीही दप्तर पाठीवर नीट बसणे गरजेचे आहे, आणि त्या बाबतीत हे दप्तर खरोखर चांगले आहे.

त्याचे खांद्याचे पट्टे चार बोटे रुंद असून त्यांतला फोम दहा महिन्यांनंतरही दबलेला नाही. जड पुस्तकांसाठीचा कप्पा अगदी पाठीलगत आहे. वजन पाठीपासून जितके दूर, तितके ते मागे ओढते आणि तितके मूल पुढे झुकते, म्हणून ही मांडणी योग्यच म्हटली पाहिजे. दप्तराची वरची कड खांद्यांच्या पातळीला आणि तळ कमरेच्या आसपास येईल असे पट्टे आवळले की ते पाठीला चिकटून बसते. अडचण अशी की पट्टे अडकवण्याची प्लॅस्टिकची पकड गुळगुळीत आहे. आवळलेला पट्टा आठवडाभरात दोन-तीन बोटे सरकतो आणि दप्तर हळूहळू कमरेखाली लोंबू लागते. शेवटी योग्य मापावर मी जाड सुतळीचे चार टाके घातले. मूल वाढेल तसे ते उसवून पुन्हा घालावे लागतील, पण तोपर्यंत रोजची ओढाताण वाचली.

रिकाम्या दप्तराचे वजन ९५० ग्रॅम भरले. या आकाराच्या दप्तराला ते थोडे जास्तच आहे. भरलेल्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत असावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. माझ्या मुलीचे वजन २६ किलो आहे, म्हणजे मर्यादा जेमतेम ३.९ किलोची. पहिल्याच आठवड्यात आकडीचा वजनकाटा लावून पाहिला, तर काटा ४.७ किलोवर थांबला. सगळे सामान जमिनीवर ओतल्यावर त्यातून त्या दिवशी तास नसलेल्या विषयांची दोन पुस्तके, संपलेली वही, तीन खोडरबर आणि कुठूनतरी गोळा केलेले रंगवलेले दगड निघाले. दगडांवर बरीच वाटाघाट झाली. सगळे काढल्यावर वजन ३.६ किलोवर आले. थोडक्यात, दप्तर कितीही उत्तम असले तरी १.१ किलोचा हा फरक त्याने नव्हे, वेळापत्रक पाहून भरण्याने पडला. आता दर रविवारी संध्याकाळी मुलगी स्वतःच काटा लावते आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवते.

आता दिसण्याच्या दाव्याकडे वळू, कारण या दप्तराची खरी किंमत तिथे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारे वाहन दर सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे सरकते. चालकाला मूल एक-दोन सेकंद आधी दिसले, तरी फार मोठा फरक पडतो. या दप्तरावर दोन प्रकारचे भाग आहेत. भडक पोपटी-पिवळ्या रंगाचे कापड दिवसा आणि ढगाळ सकाळी उठून दिसते, पण रात्री त्याचा फारसा उपयोग नसतो. करड्या चकचकीत पट्ट्या दिवसा साध्याच वाटतात, पण दिव्याचा झोत पडला की तो आल्या दिशेलाच परत पाठवतात. त्यामुळे दिवे लावून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत तो पोहोचतो. दोन्ही भाग असणे आवश्यक आहे. शालेय दप्तरांसाठीच्या डिन ५८१२४ या जर्मन मानकातही दोन्हींची स्वतंत्र मागणी केलेली आहे.

घरी तपासायचे असेल तर विजेरी हातात धरून उपयोग नाही, ती कपाळाला टेकवून धरावी, कारण परतणारा प्रकाश विजेरीकडेच येतो आणि डोळे तिच्या जवळ असावे लागतात. मी जिन्यातले दिवे घालवून असे पाहिले. नवे असताना पट्ट्या अक्षरशः पेटल्यासारख्या दिसल्या. आता पाठीमागच्या आणि खांद्यांवरच्या पट्ट्या तशाच आहेत, पण उजव्या बाजूची पट्टी पाण्याच्या बाटलीच्या कप्प्याला घासून अर्धी उडाली आहे. दप्तर यंत्रात धुतल्यास या पट्ट्यांचा आणि आतल्या जलरोधक थराचा नाश होतो, म्हणून मी ते फक्त ओल्या फडक्याने पुसते.

सर्वांत मोठा दोष मात्र मला पावसाळ्यात सापडला. तळाच्या छोट्या कप्प्यात पावसासाठीचे आवरण घडी घालून दिलेले आहे. ते पाणी उत्तम अडवते, पण त्याचा रंग गडद करडा असून त्यावर एकही चमकती पट्टी नाही. म्हणजे ज्या अंधारलेल्या, धूसर दिवशी मूल सर्वांत कमी दिसते, नेमक्या त्याच दिवशी हे आवरण सगळ्या पट्ट्या झाकून टाकते. ज्याने पट्ट्या लावल्या आणि ज्याने आवरण शिवले, त्या दोघांची कधी गाठच पडली नसावी! मी शिवता येणारी चमकती फीत आणून आवरणावर आडव्या दोन ओळी शिवल्या. उत्पादकांना तसे कळवलेही, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

मागच्या बाजूला नावाची चिठ्ठी सरकवण्यासाठी पारदर्शक खिसा आहे. तो मी रिकामा ठेवला आहे. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचाच वाटतो, त्यामुळे नाव आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी आतल्या कप्प्यात ठेवणे बरे. छातीवरच्या पट्ट्याच्या बक्कलमध्ये शिट्टी बसवलेली आहे. संकटकाळासाठी ती कल्पना चांगली आहे, पण पहिल्या महिन्यात ती वर्गातच वाजली आणि वहीत बाईंची सूचना आली. कंबरपट्टा आम्ही काढूनच टाकला. एवढ्याशा अंतरासाठी त्याची गरज नव्हती, आणि लोंबणारी टोके बसच्या दारात अडकण्याची भीती होती.

तळ रुंद आणि सपाट आहे. दप्तर बाकाशेजारी सरळ उभे राहते, वाटेत आडवे पसरत नाही, त्यामुळे कोणी अडखळून पडत नाही. शिवण कुठेही उसवलेली नाही. मुख्य चेनचा सरकता आकडा आठव्या महिन्यात तुटला, तेव्हा दुरुस्ती विनामूल्य झाली, पण दप्तर दोन आठवडे तिकडेच राहिले आणि तेवढे दिवस जुने, एका खांद्याचे दप्तर वापरावे लागले. साडेसहा-सात वर्षांच्या लहान चणीच्या मुलांसाठी मात्र हे घेऊ नये. माझ्या पुतण्याच्या पाठीवर लावून पाहिले, तर पट्टे पूर्ण आवळूनही तळ कमरेच्या वीतभर खाली आला.